नाकासमोर

लॉरेट थिबोडोला बटाट्याची सड
तीन दिवस आधी कळते.
म्हणजे कळायची.
कोठाराचं दार ढकलून दोन पावलं आत,
आणि बोट: तिकडे, उत्तरेच्या भिंतीला, खालून चौथा थर.
माणसं उकरायची. तिथेच असायचा तो,
सालीखाली नुकता ओलसर झालेला एक.

मेन राज्याचं हे वरचं टोक.
नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे बटाटे,
आणि वर्षातले पाच-सहा महिने दोन्हींवर बर्फ.
अर्ध्या जमिनीत गाडलेल्या कोठारांत
गाव आपला हिवाळा रचून ठेवतं.

ती वाचनालयात आली ती फेब्रुवारीत,
घरचं इंटरनेट वाऱ्यासोबत जातं म्हणून.
पायपुसण्यावर बूट झटकत म्हणाली,
"सरकार लहान धंद्यांना संशोधनाला पैसे देतं म्हणे.
मला यंत्र करायचंय. वास घेणारं."
मागे भाचा रेमी, हातात तारांचं खोकं
आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडलेले बारा सेन्सर.

अर्ज भरताना आमच्या नाकी नऊ आले.
आधी एक नंबर, तो मिळवायला दुसरा नंबर,
दुसऱ्याला हवा पहिला.
कर्मचारी संख्या? दीड, ती म्हणाली.
रेमी अजून शाळेत जातो.
प्रमुख संशोधकाची पात्रता?
इथे ती बराच वेळ गप्प.
मग, "एकेचाळीस हिवाळे लिही."
मी लिहिलं. चौकटीने घेतलं नाही.

पहिल्या वर्षी नकार.
एक परीक्षक म्हणाला, कल्पना बरी.
दुसरा म्हणाला, बाजारपेठ लहान.
तिसऱ्याने विचारलं होतं,
बटाटा सडलाय हे ठरवलं कोणी?
ती खुर्चीत रेलून हसली, ठसका लागेपर्यंत.
"मी. दुसरं कोण?"

मग दुसऱ्या वर्षी आम्ही पुरावा गोळा केला.
रोज सकाळी सहाला, चोवीस बंद डबे,
एकेकाचं झाकण उघडून ती सांगायची, शून्य ते पाच.
रेमी वहीत उतरवायचा, यंत्र आपलं उतरवायचं.
चार महिने. दोन हजार आठशे ऐंशी आकडे.
आलेख काढायला मी बसले
आणि जानेवारीपासून पुढे
यंत्राची रेघ जागच्या जागी,
तिची तेवढी उतरत गेलेली.

मी पडदा तिच्याकडे वळवला.
तिने चष्मा लावला, रेघ बोटाने गिरवली.
"नाताळातल्या तापापासून," ती म्हणाली.
"कॉफीसुद्धा आता नुसती गरम लागते."

अर्जात एक रकाना असतो: जोखीम.
काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर काय कराल.
आम्ही लिहिलं होतं, थंडी, वीज जाणं, तारांना गंज.
रेमी माझ्याकडे बघत होता, मी कीबोर्डकडे.
आयुष्यभर नाकासमोर चाललेली बाई,
लपवायला सांगणार नव्हतीच.
"हेही लिही," म्हणाली.
"यंत्र कशाला हवं, विचारतायत ना ते?"

जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं.
कोठाराचं छप्पर तीन ठिकाणी गळतं,
पण त्या पैशातून पत्रा आणता येत नाही,
पत्रा म्हणजे संशोधन नव्हे.
तिने बादल्या ठेवल्या
आणि अहवालात बादल्यांचा उल्लेख टाळला.

ऑक्टोबर. भिंतीवर राखाडी डबी, तिच्यात लाल दिवा.
लॉरेट अजूनही दार ढकलते, दोन पावलं आत,
सवयीने श्वास ओढते,
मग दिव्याकडे बघते.
परवा तो लागला. पूर्वेला, तिसरा थर.
उकरलेला बटाटा तिने मागून घेतला,
चाकूने चिरला, नाकाशी धरून उभी राहिली.
खूप वेळ.
मग माझ्यापुढे केला.
"सांग, कसा येतोय?"

मी पुस्तकांवर तारखा मारणारी बाई.
म्हटलं, तळघरात पाणी शिरलं होतं त्या वर्षी
परत आलेल्या पुस्तकांसारखा. आणि मागून थोडा गोड.
"गोड," ती म्हणाली. "हां. गोड असतो आधी."
मग वळून,
"रेमी, वही आण."