मष्णू घाडींचं वाइंडिंग

शहापुरात आचार गल्लीच्या तोंडाशी
घाडींचं पंखे दुरुस्तीचं दुकान.
पाटी दोन भाषांत; पेंटरनं कन्नडात
घाडीचं गाडी करून ठेवलेलं.
"गाडी तर गाडी," ते म्हणायचे,
"पंखा फिरल्याशी मतलब की."

दहावीत गटांगळी खाल्ली त्या वर्षी मी तिथं बसलो.
जळालेली तार कापायची, खाचा खरवडायच्या.
वॉर्निशचा वास नखांत राहायचा,
रात्री आमटीलाही तोच.

दर उन्हाळ्यात, लाइट गेलेली असताना,
ते एखादं पातं बोटानं ढकलायचे.
"ह्याला मोटार लागत नाही बघ.
समोरून वारं मिळालं की आपलं आपण फिरतंय,
आणि माणसाला उचलतंय.
मी बघितलोय."
समोरचा इस्त्रीवाला बसाप्पा
निखारे हलवत ओरडायचा: "सुळ्ळ, मामा, सुळ्ळ!"

खानापूरचा पोरगा,
लोंढ्याला गाडी बदलून मुरगावला गेलेला,
मग बोटीवर आगवाला. लढाईचं तिसरं का चौथं साल.
रात्री बोट फुटली.
सकाळी होडीत अकरा जण, पाण्याचा दीड डबा,
आणि चार शेतं पल्याड
समुद्रातून वर आलेली काळी पाठ.

"तिच्यावर चौघंजण काय तरी जोडत होते.
नळ्या, खुर्ची, तीन पाती.
पाणबुडी वाऱ्यावर निघाली तशी ती खुर्ची उठली.
वर. आणखी वर. इंजिन नाही, आवाज नाही.
खुर्चीत माणूस, कानाला टेलिफोन,
आणि खाली बांधलेली एकच तार.
आता कुठली बोट फोडायची ते बघायला
त्याला टांगलेला आभाळात.
ऊन चमकत होतं पात्यांवर.
खोटं कशाला सांगू, चांगलं दिसत होतं."

गोष्ट इथंच थांबायची.
लाइट यायची, किंवा गिऱ्हाईक.

एकदाच पुढं गेली.
मे महिना, टेबलफॅनची गुंडाळी चाललेली.
वेढे मोजताना ते बोलत नसत,
त्या दिवशी बोलले.

"विमान आलं. आपलं का त्यांचं, आम्हांला काय कळतंय.
पाणबुडी बुडी मारली. वरच्याला उतरवायला
कुणाला वेळ हाय?
त्यानं काय तरी ओढलं असणार.
पाती सुटली आणि एकटीच वर गेली,
फिरत, फिरत, कुणी नसताना.
तो छत्रीखाली लोंबकळत पाण्यात पडला.
आमच्यापासून लांब नाही.
इथनं कपिलेश्वराचं तळं, तेवढं.
हात वर केलेला. पिवळे केस.
सारंग म्हणाला, वल्हं ठेवा.
वल्हं माझ्या हातात होतं.
मी ठेवलो."

तार बोटांतून सरकत होती.

"रात्री पंचवीस माणसं गेली आमची.
त्यात आमच्या नंदगडचा लुमाण्णा.
त्याच माणसानं बघितलं असणार बोट आधी,
असं सगळे म्हणाले. मीपण म्हणालो.
रात्री अंधारात वरून काय दिसतंय, सांग की तू."

मी काही सांगितलं नाही.
मी सोळा वर्षांचा होतो,
आणि मला फक्त पुढचं हवं होतं.
"मग?"
"मग हात दिसेना. लाट असेल मधी."

सांबऱ्याकडं उतरणारं विमान
पत्र्यावरून गेलं. आम्ही दोघांनी
वर बघितलं नाही.
इस्त्री उभी ठेवून बसाप्पा ऐकत होता.
त्यानं त्याचा तो शब्द काढला नाही.

"किती झाले?" घाडींनी विचारलं.
मी मोजत नव्हतो.
तेही नव्हते.
त्यांनी टोक सोडलं, अख्खी गुंडाळी
उलटी उकलून जमिनीवर घातली,
तांब्याचा ढीग, उन्हात लाल,
आणि थुंकीनं बोट ओलं करून म्हणाले,
"एक."