तीन सूत

डावा फूटरेस्ट आमगावच्या वाटेवर गेला.
गेला म्हणजे दगडावर टेकून वाकला,
आणि मी पेटीसकट आडवी.
लसीच्या बाटल्या शाबूत. बर्फ शाबूत.
एवढं बघून मग माझा गुडघा बघितला.

नंतर आठवडाभर फूटरेस्टच बघत होते,
घरात मुलगी बघायला निघावं तसं.
रुंद, पोलादी, करवतीसारख्या दातांचे:
चिखल खाली सोडतात, बूट धरून ठेवतात,
आणि महिन्याभरात बुटाचा तळ खातात.
ॲल्युमिनियमचे, हलके, निळे, सोनेरी,
वरातीत मिरवायला बरे.
दगड लागला की थेट तुकडा.
पोलाद वाकतं; वाकलेलं ठोकून सरळ होतं.
आमगावात हातोडा आहे. वेल्डिंग नाही.
इंचभर खाली बसणारे: गुडघ्याला सुख,
पण चोर्ल्याच्या वळणावर डांबर खरवडणार.
मागं सरकवलेले: उभं राहून चालवायला छान,
गिअर मात्र चवड्यानं चाचपत शोधायचा.
रबरवाले: थरथर कमी.
पावसात साबण.

किमती वाचल्या आणि उद्यमबागेत गेले.
यल्लाप्पा मुतगेकर. एक लेथ, एक ड्रिल, एक मांजर.
शेजारच्या फाउंड्रीतून जळक्या वाळूचा वास,
रेडिओवर धारवाडचं कन्नड हवामान.
कसले हवेत, हे त्यानं विचारलंच नाही.
"जुने दाव."
दोन्ही उजेडाकडं धरले,
रबरावरून अंगठा फिरवला.
उजवा सगळीकडं सारखा झिजलेला.
डावा फक्त बाहेरच्या कडेला.

"अक्का, डावा पाय आखूड काय गं?"

मी दिवसभर जनावरांचे पाय बघते.
गोठ्याच्या दारातूनच सांगते
कुठली म्हैस कुठला खूर जपते आहे.
आणि मला, एकवीस वर्षांत, कुणी नाही.
साडीच्या निऱ्या डावीकडं बोटभर खाली सोडते.
फोटोत पायरीवर उभी राहते.
नवऱ्याला वाटतं, चालण्यात माझ्या ठेका आहे.

"गाडीचं बोला," मी म्हटलं.
"गाडीचंच बोलालोय की."

भिंतीला पाठ लावून उभं केलं मला,
चपला काढून, थंड फरशीवर.
डाव्या पायाखाली पत्र्याची एक पट्टी सरकवली.
पायाकडं बघेचना, खांद्यांकडं बघत होता.
एक सूत.
दोन.
तिसरी पट्टी घातली आणि थांबला.
मांजरानं जांभई दिली.
पाठीत कुठंतरी एक जुनी गाठ
न विचारता सैल झाली,
आणि मला उगाचच राग आला, कुणाचा, कळेना.

"जोडी विजोड होणार बघ. उद्या विकायला गेलीस तर
कोण घेणार नाही."
"विकणार नाही."
"मग दात किती ठेवू?"
थोडे बोथट, मी म्हटलं,
गोठ्यात गमबूट असतात, तळ पातळ.
त्यानं कानस उचलली.

बिल कन्नडात. माझं नाव भागीरथी,
त्याच्या पोरानं लिहिलं भागरती.
खाली पेन्सिलीनं, मराठीत, यल्लाप्पाचं अक्षर:
डावा वर, तीन सूत.

दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या पुढं
रस्ता संपतो आणि चाकोऱ्या सुरू होतात, तिथं
मी उभी राहिले.
डावीकडं अंग थोडं खाली जाईल म्हणून
कंबर सवयीनं तयार होती.
गेलंच नाही.
कंबर बिचारी पुढचे दोन मैल वाट बघत राहिली.
पेटीतल्या बाटल्या किणकिणत होत्या,
हातातलं वजन पायात उतरलं होतं,
आणि झाडांतून धुकं बाजूला होईना तरी
मला घाई नव्हती.

कणकुंबीत उतरले.
जमीन होती तशीच. चालले तशीच,
उजवा, डावा, किंचित खड्डा,
उजवा, डावा.
दावणीला बांधलेल्या एका म्हशीनं
चघळणं थांबवून माझ्या पायांकडं बघितलं.
मी तिच्या.
मागचा उजवा जपत होती.