शून्य, तीन, चांदणी, चांदणी, चार

लियाकतभाई वांगडे बावीस वर्षांनी श्रीवर्धनला परतले
तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात मला मिळालं:
सुपारीचं अर्धं खांड, गंजलेला अडकित्ता,
पासवर्डांचा बंद लिफाफा.
"बाकी सगळं आपोआप चालतं," म्हणाले होते,
"तू फक्त एसी बघ."

सोहारचं बंदर. खिडकी नसलेली खोली.
आत अठरा अंश, बाहेर भर रात्री छत्तीस,
बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर समुद्र बसतो.
चौदा सर्व्हर, आणि त्यांचं जुनं उतरवून
नवं चढवणारी ही एक ओळ:

शून्य, तीन, चांदणी, चांदणी, चार.

शून्य मिनिटं, पहाटेचे तीन.
चांदणी म्हणजे कोणतीही तारीख,
चांदणी म्हणजे कोणताही महिना,
आणि चार म्हणजे गुरुवार.
त्या ठोक्याला यंत्र स्वतःच यादी मागवतं,
कोणतं पॅकेज शिळं झालं ते ताडून बघतं,
"पुढे जाऊ का?" विचारतं
आणि उत्तरासाठी थांबत नाही.
होकार लियाकतभाईंनी आधीच लिहून ठेवलाय
एका आडव्या रेघेपाठी, एका अक्षरात.

मग सगळी एकदम बंद होऊन पुन्हा उठतात.
अकरा मिनिटं.

सात महिने दर गुरुवारी सकाळी मला यंत्राचं पत्र यायचं:
सगळं ठीक.
मीही घरी फोनवर तेच सांगायचे.

एकदा पंखा जळाला म्हणून अपरात्री यावं लागलं.
पावणेतीन. गेटवर चाळीसेक माणसं,
अंगठ्याच्या मशीनपुढे रांग लावून,
डबे हातात, डोळे अजून कॅम्पातल्या खाटेवर.
पाळी तीनला लागते, बस तीनलाच येते,
मग आज एवढ्या लवकर?
गेटवरचा यादगिरी हसला. करीमनगरचा.
"गुरुवारी मशीनचा उपास असतो, म्याडम.
तीननंतर अंगठा खात नाही.
ज्याचा खाल्ला नाही, त्याचा अर्धा दिवस गेला."

मी वर आले. ती ओळ पुन्हा वाचली.
चार.
एके काळी इथं गुरुवारी सुट्टी असायची.
गेट रिकामं, बस उभी, कुणाचा अंगठा अडणार नाही
असा एकच दिवस शोधून
लियाकतभाईंनी तो आकडा लिहिला होता.
पुढे सुट्टी सरकली, गुरुवारची शनिवारी गेली.
बँका सरकल्या, शाळा सरकल्या,
भिंतीवरची कॅलेंडरं नवी छापून आली.
चार तिथंच राहिला.

चार पुसायला एक कळ, पाच लिहायला एक.
त्याखेरीज एवढंच केलं:
चौदा एकदम नाहीत. आधी एक, कोपऱ्यातलं,
त्याला दिवसभर जगून दाखवू दे, मग बाकीची.
आणि पत्रात "सगळं ठीक" लिहायचं नाही.
काय बदललं, किती वेळ बंद होतीस,
नावानिशी, मिनिटांनिशी लिहायचं.

लियाकतभाईंना फोन लावला.
मागे कुणीतरी नारळ सोलत होतं.
"चार तसाच राहिला?" म्हणाले.
मग बराच वेळ नारळाचाच आवाज.
"किती वर्षं झाली गो?"
मी म्हटलं, रेंज जातेय.

पुढच्या गुरुवारी मुद्दाम गेटवर गेले.
बस पावणेतीनलाच आली.
तीन वाजले. मशीनचा दिवा हिरवाच.
मागे राहिलेल्या तुलबहादुरनं भीत भीत
अंगठा पँटीला पुसला, टेकवला.
टिक.
यादगिरी माझ्याकडे बघून: "उपास सोडला?"
मी म्हटलं, सोडला. कॅम्पात सांग सगळ्यांना,
पंधरा मिनिटं जास्त झोपा म्हणावं.
त्यानं मान हलवली.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही
बस पावणेतीनलाच आली.