मुक्कामी

दापोली डेपोत अठ्ठावीस वर्षं मी गाड्या लावल्या.
खिडकीतून बघायचं, माइकवर सांगायचं, तक्त्यात भरायचं:
आली किती वाजता, सुटली किती वाजता,
उशिराचं कारण.
निवृत्त झालो तेव्हा कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा
पिशवीत घालून घरी आणला. चोरीच म्हणा.

आता आड्याच्या खाडीच्या मुखाशी
सुरूच्या आडव्या खोडावर बसून
त्याच रकान्यांत पाखरं भरतो.

पहिली खेप भाद्रपदात.
गणपती पाण्यात गेलेले,
मखराचं थर्माकोल लाटा अजून परत करतायत,
आणि त्यातच चिखल्यांचा थवा.
बावीस. की चोवीस.
वाळूच्या रंगाचे; थांबले की नसतात,
पळाले की असतात.
कुठून सुटले? लिहितो: उत्तर.
उशिराचं कारण कोणाला विचारू?

मैमूना मुकादम ओहोटीबरोबर तिसऱ्या काढायला येते.
"काय कंट्रोलर, आज किती उतरले?"
दुर्बीण पुढे केली तर हात झटकते:
"नको. तुमच्या नळीत एकच पाखरू मावतं."
कोरलाची लांब चोच जिथे बुडून वर येते
तिथे ती विळा लावत नाही.
"तिथलं त्यानं खाल्लंन."

कार्तिकात रापण ओढताना कुरव,
शे-दीडशे, सगळे एकदम बोलणारे,
सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या उतारूंसारखे.
मतलई वारा सुटला की कधी काकण येतो,
पांढऱ्या पोटाचा, घाई नसलेला,
आणि अख्खा किनारा उठून उभा राहतो,
साहेब तपासणीला आल्यागत.

पौषात एका सकाळी कालवफोड्या.
लाल चोच, अकरा मिनिटं.
विनाथांबा, असं लिहिलं. मग खोडलं.
थांबला होता की.

शिमग्याला गावात पालखी नाचते तेव्हा इकडे
कुरवांच्या डोक्यांवर तपकिरी चढतं,
चिखल्यांच्या छातीवर वीट उगाळल्यासारखा रंग.
मैमूना म्हणते, आता दिवस भरले यांचे.
आणि खरंच. घोषणा नाही, गर्दी नाही,
रात्रीतून जातात.
सकाळी मर्यादवेलीपर्यंत नुसते तीन बोटांचे ठसे,
तेही भरती येईस्तोवर.

ज्येष्ठात होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या.
तक्ता बंद करावा म्हणून गेलो,
तर पुळणीच्या टोकाला एक कोरल.
एकटाच.

पंख मोडला असेल. आजारी असेल. चुकला असेल.
आठ दिवस मी कारणं शोधत होतो,
आणि तो कुर्ल्या.
शेवटी मैमूनाला ओढत नेऊन दाखवला.
तिने डोळ्यांवर हात धरला, हसली.
"काही झालं नाहीय त्याला. पोर आहे.
पहिल्या वर्षी काही काही जातच नाहीत.
जाऊन करणार काय? घर नाही, जोडी नाही."

श्रावणातल्या उधाणात माझी छत्री दोनदा उलटी झाली.
तो वाऱ्याकडे तोंड करून, पिसं दाबून, तसाच.
आणि माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे
सुटण्याचा रकाना कोरा.
कोरा रकाना मला झोपू देत नाही.
जुनी खोड.

मग केळशीची रात्री साडेआठची आठवली.
ती परत येत नसे.
देवळापाशी उभी राही, आतल्या बाकांवर
ड्रायव्हर-कंडक्टर आडवे,
कोणीतरी भाकरी-सुकट आणून देई.
पहाटे हीच गाडी, हेच दोघे, उलट्या पाटीने.
तिच्यापुढे त्या रात्री आम्ही वेळ लिहीत नसू.
एक आडवी रेघ, बास.

ओढली रेघ.
कागद ओला होता, शाई फुटली,
आणि टोकाशी रेघ जराशी
खाली वाकली, चोचीसारखी.