शेजारची खुर्ची

बाविसाव्या तासाला ओक्साना खाली उतरली,
इंजिन चालूच ठेवून.
काचेवर दोनदा टिचकी,
आणि गवतातून हँगरकडे निघून गेली
मागे न बघता.

तिच्या खुर्चीचा पट्टा तिनेच आवळून ठेवला होता,
कोणी नसलेल्याभोवती.

महिनाभर नुसतं उतरणं शिकवलं:
"जमीन शोधू नकोस. लांब बघ. तीच वर येईल."
मी आपटायचो. ती म्हणायची, "पुन्हा."
बेकरीतला पगार पेट्रोलात जायचा.

आज विमानाने जमीन लवकर सोडली,
तिच्या वजनाएवढं हलकं होऊन.
खाली सस्कॅचेवान: कॅनोलाचा पिवळा, धान्याची कोठारं, एकच रस्ता.
माझ्याच तोंडून तिचा आवाज:
वेग बघ, वेग.

उतरलो. एकदा उसळून.
तिने कात्रीने माझ्या सदऱ्याची पाठ कापली,
वर तारीख घातली.
म्हणाली, "उद्या वारा आडवा आहे.
सहाला ये."