बाकी

कायानीच्या शाळेत, तळघरात, बॉयलरशेजारी
एक जुना संगणक अकरा महिने
एकाच संख्येला विचारत होता: तू फुटतेस का?

राकेल तिक्का, गणिताच्या बाई, दक्षिणेला
बदलून गेल्या तेव्हा तावेत्तीला म्हणाल्या,
"याला बंद करू नका. धूळ तेवढी पुसा."
तावेत्ती शाळेचा राखणदार. बर्फ ओढतो, दिवे बदलतो.
ओले हातमोजे संगणकावर तासाभरात वाळतात
हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं.

संख्या किती मोठी? बाईंनी सांगितलं होतं:
दोनाला दोनाने गुणत जायचं, अकरा कोटींहून जास्त वेळा,
आणि शेवटी एक काढून घ्यायचा.
छापायची म्हटली तर तेवीस रिमं कागद.
शाळेला वर्षाला वीस मिळतात.
पण दोनाच्या बाराखडीत लिहिली
तर नुसते एक, एकाला लागून एक,
नदीकाठच्या भूर्जांसारखे उभे,
मधे एकही शून्य नाही.

रीत साधी. चारापासून सुरुवात.
वर्ग करायचा, दोन वजा, त्या संख्येने भागायचं,
बाकी ठेवायची. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा.
अगदी शेवटी शून्य उरलं तर ती मूळ.
तावेत्तीने एकदा एकतीस घेऊन करून पाहिलं,
पावतीच्या पाठीवर: चार, चौदा, आठ,
आणि तिसऱ्या पावलाला शून्य.
एकतीस मूळ संख्या, हे त्याला लहानपणीच शिकवलेलं.
त्या संध्याकाळी ते खरं निघालं.

जानेवारीत, उणे चौतीस असताना, वीज गेली.
तो पायजम्यावर कोट चढवून आला, टॉर्च दातात.
संगणक उठला, शेवटचं जपलेलं पान शोधलं,
चाळीस मिनिटं मागे गेला
आणि चालू लागला.

मार्चमधल्या एका मंगळवारी पंखा थांबला.
पडद्यावर बाकी: अक्षरं-आकडे मिळून सोळा.
शून्य नव्हे.
त्याने फोनवर एकेक करून वाचून दाखवली.
"मूळ नाही मग," बाई म्हणाल्या. "संयुक्त."
"म्हणजे भाग जातो तिला."
"जातो."
"कशाने?"
"ते नाही कळत."
"अकरा महिन्यांनी?"
"फुटते, एवढंच कळलं. अवयव कुणालाच माहीत नाहीत.
आपल्या हयातीत कळतील असंही नाही."

तावेत्ती बराच वेळ बॉयलरची घरघर ऐकत बसला.
त्याचा मेव्हणा आर्मास, लाकडाची गिरणी बंद झाल्यावर
मोडला, हे सगळ्या गावाला ठाऊक.
कुठे मोडला ते त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.
रविवारी कॉफी प्यायला येतो, दोन कप, बिनसाखरेची,
आणि हवामानावर बोलतो.

संगणक निवत चालला होता. मोजे अर्धे ओले.
तावेत्तीने खणातून बाईंची चिठ्ठी काढली,
तिच्यावरचा पुढचा घातांक, नऊ आकडी,
दोनदा ताडून, एका बोटाने भरला.

पडद्यावर: चार.