ठगूबाईचे जीव

अमळनेरला, बोरीच्या पुलापलीकडे,
खाली पिठाची चक्की, वर माझं ऑफिस.
दुपारभर टेबल थरथरतं
आणि कीबोर्डवर दादर ज्वारीचं पीठ बसतं.

उखाआबा जिना चढून आले, काखेत पत्र्याची पेटी.
पेटीतून निघाली ठगूबाई:
पांगाऱ्याचं लाकूड, काजळाचे डोळे,
लुगडं जुन्या पातळाच्या काठाचं
आणि डावा पाय जरा मागे राहणारा.
चाळीस वर्षं सारंगखेड्याच्या यात्रेत,
घोड्यांच्या बाजाराशेजारी,
हिनं फौजदाराची टोपी पळवली.

आता ती माझ्या गेममध्ये पळणार होती.
चारी बाजूंनी फोटो घेतले, सांधे मोजले,
मग स्क्रीनवरचे दोरे पुसायला घेतले.
आबांनी मान वळवली,
समोर कुणी कपडे बदलत असावं तशी.

"आबा, हिला जीव किती द्यायचे? तीन? पाच?"
"म्हंजे?"
"मेली की पुन्हा उठते. तितक्यांदा."
ते पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले.
"एकच से, माय. तो बी मनी करंगळीम्हा."

तेव्हा पाहिली मी करंगळी.
वरचं पेर नव्हतं.
जिनिंगमध्ये गेलं, एकोणऐंशी साली.
म्हणून तो दोरा आखूड, म्हणून पाय मागे.
माणसं हसत आली त्या लंगडण्यावर,
कोण लंगडतंय ते न विचारता.

आमचा हर्षल, पिंपळनेरचा, कोड लिहितो.
त्यानं रात्रीच पाय दुरुस्त केला होता,
चूक समजून.
ठगूबाई सरळ धावत होती,
कुणाचीही बाहुली धावेल तशी.
मी म्हणाले, मोड तो पाय.
"अगं, उडी चुकेल तिची."
चुकू दे.
खेळणाऱ्यानं शिकावं
अर्धा श्वास आधी निघायला.

पहिला खेळ आबांनाच दिला.
त्यांनी फोन हातात धरलाच नाही.
जमिनीवर ठेवला, वर वाकले
आडात डोकावावं तसे,
आणि बोटं वर उचलली.
काही हललं नाही.
"दाबा, आबा."
"आम्ही दाबतस नही, माय. उचलतस."

खाली चक्की बंद पडली होती,
त्यामुळे ते वाक्य जरा जास्तच ऐकू आलं.

मग आम्ही सगळं उलटं केलं. आठ दिवस गेले.
काचेवर बोट टेकलेलं, तोवर ती निपचित.
बोट उठलं की उठते.
हर्षल म्हणतो, हे कुणी खेळणार नाही.
चक्कीवाल्याचा पोरगा आठ वेळा हरला,
नवव्यांदा बोटाबरोबर
त्याचा खांदाही वर गेला.
कोपऱ्यात जिवांचा आकडा: १.

जाताना आबांनी विचारलं,
खेळ संपल्यावर ती निजते कुठं?
याचा विचार आम्ही केला नव्हता.
आता शेवटच्या स्क्रीनवर पत्र्याची पेटी आहे.
कडी अजून नीट बसत नाही.